पहिले १,६०० रुपये : सीमाभागातल्या सहकारी संस्थांच्या संचालकांना खुले पत्र

बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातल्या पतसंस्था, सोसायट्या आणि अर्बन बँकांचे चेअरमन, व्हाईस चेअरमन व सर्व संचालक यांना,

स. न. वि. वि.

गेल्या वार्षिक सभेत 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' पुकारला गेला, तेव्हा मी हात वर केला होता. मागे जेवणाची पानं मांडायला सुरुवात झाली होती, त्यामुळे माझं बोलणं फारसं कुणाच्या कानावर गेलं नसेल. मी एवढंच विचारलं होतं, की एखाद्या सभासदानं नवं अवजार, नवं यंत्र शोधून काढलं, तर त्याच्या पेटंटच्या खर्चाला आपली संस्था कर्ज देईल का. चेअरमनसाहेब म्हणाले, "विषय चांगला हाय, लेखी द्या की."

हे लेखी. एकाच संस्थेला न लिहिता सगळ्यांना लिहितोय, कारण मी तीन संस्थांचा सभासद आहे आणि तिन्ही ठिकाणी कर्जाच्या फॉर्मवर कारणांची यादी सारखीच आहे. घरबांधणी, घरदुरुस्ती, लग्नकार्य, शिक्षण, वाहन, शेती, व्यापार.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर बावीस वर्षं काम केलं. आता स्वतःचं छोटं शेड आहे, एक लेथ, एक ड्रिल, एक वेल्डिंग सेट. गाव बेळगावच्या पश्चिमेला, घरची दीड एकर लाल माती. त्या भागात पावसाळ्यात काय लावतात ते तुम्हाला सांगायला नको. नवरात्रापासून महाशिवरात्रीपर्यंत आपल्या एपीएमसीतून रताळ्याचे ट्रक दिल्लीकडे, राजस्थानकडे जातात. उपवास तिकडच्या लोकांचे, घाम आपल्या बायकांचा. काढणीला नांगर घातला की फाळ रताळ्याला लागतो. लागलेलं रताळं वाटेतच नासतं, म्हणून दलाल ते आधीच बाजूला काढतो. कुदळीनं काढावं तर मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत.

म्हणून सात वर्षांपूर्वी रविवारी-रविवारी बसून मी पॉवर टिलरला जोडायचं एक अवजार केलं. भंगारातले लीफ स्प्रिंगचे पट्टे तापवून वाकवलेले दाते, मागं माती चाळायला एक्सेंट्रिकवर, म्हणजे केंद्र सोडून फिरणाऱ्या चाकावर, हलणारी जाळी, पुढं वेल कापायला एक तबकडी. चाललं. पहिल्या दिवशी अख्खी गल्ली शेतात बघायला आली होती. मग एका कृषी प्रदर्शनात नेलं. तिथं सत्कार झाला, शाल मिळाली. भाच्यानं मोबाईलवर व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला आणि तो हजारो लोकांनी बघितला. खूप अभिमान वाटला होता मला.

पुढच्या हंगामात तेच अवजार पिवळ्या रंगात, दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या नावानं आपल्याच बाजारात उभं राहिलं. मी जवळ जाऊन हात लावून बघितलं. माझ्या पट्टीवर मोजायची चूक होऊन एक जादा भोक पडलं होतं, त्याचा काहीही उपयोग नव्हता. ते भोकसुद्धा त्यांनी तसंच ठेवलं होतं.

मी वकिलाकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, व्हिडिओ बघितला, त्याची तारीख बघितली आणि सांगितलं, की भांडायला काही शिल्लक नाही. पेटंटसाठी वस्तू अर्जाच्या दिवशी नवी असावी लागते, म्हणजे त्या दिवसाआधी जगात कुठंही ती लोकांपुढं आलेली नसावी. दुसऱ्यानं आणली काय आणि स्वतः शोधणाऱ्यानं आणली काय, कायद्याच्या लेखी दोन्ही सारखंच. प्रदर्शनाला सूट आहे, पण ती केंद्र सरकारनं राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनापुरती, आणि तिथंही १२ महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. आपल्याकडच्या यात्रेतल्या, मठाच्या पटांगणातल्या, मार्केट यार्डातल्या प्रदर्शनांना ती सूट लागू होत नाही. चारचौघांत केलेल्या चाचणीलाही वर्षभराची सूट आहे, पण ती खरोखर चाचणीच होती आणि उघड्यावर केल्याशिवाय होणारी नव्हती, हे पटवून द्यायचं काम आपल्यावर येतं. शाल पांघरून फोटो काढलेल्या माणसानं ते कसं पटवायचं?

हे मला आधी कुणी सांगितलं असतं, तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. सांगायला त्या कृषी प्रदर्शनात कुणी नव्हतं, शेडमध्ये नव्हतं, गावात नव्हतं. अर्जाची फी किती असते ते कळल्यावर तर मी रात्रभर झोपलो नाही. १,६०० रुपये.

मंडळी, हा आकडा मी मुद्दाम पुन्हा लिहितो, कारण पेटंट म्हटलं की आपल्याकडं लाखांच्या गोष्टी सुरू होतात. स्वतःच्या नावानं ऑनलाइन अर्ज करणाऱ्या माणसाला, ३० पानं आणि १० दावे (क्लेम, म्हणजे आपला हक्क नेमका कशावर ते सांगणारी वाक्यं) यांच्या आत अर्ज बसत असेल तर सरकारी फी १,६०० रुपये आहे. मोठ्या कंपनीला तीच ८,००० आहे. कागदावर टपालानं पाठवलं तर आपल्याला १,७५०. या फीत आधी 'प्रोव्हिजनल' म्हणजे तात्पुरता तपशील देता येतो. त्यात दावे लिहावे लागत नाहीत. शोध काय आहे आणि कसा चालतो ते नीट लिहून, आकृत्या जोडून द्यायच्या. त्या दिवसाची तारीख आपल्या नावावर लागते. मग १२ महिन्यांत पूर्ण तपशील द्यायचा, त्याला पुन्हा अर्जाची फी नाही. ही १२ महिन्यांची मुदत गरीब शोधकाला कायद्यानं दिलेली सगळ्यात मोठी सवलत आहे असं माझं मत आहे. या वर्षात यंत्र शेतात फिरवता येतं, सुधारता येतं, गिऱ्हाईक आहे का ते बघता येतं, आणि गिऱ्हाईक नसेल तर पुढचा खर्च न करता थांबताही येतं.

पुढं तपासणीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, त्याची फी ४,०००. तो पहिल्या तारखेपासून ३१ महिन्यांच्या आत करायचा. २०२४ च्या मार्चमध्ये नियम बदलले, त्याआधी ४८ महिने मिळायचे. जुन्या माहितीवर बसून राहिलेल्यांचे अर्ज यातच बाद होतात, म्हणून लिहून ठेवतो. मंजुरीपर्यंत सरकारला द्यायचे ते एवढेच, १,६०० आणि ४,०००, मिळून ५,६००. मग तिसऱ्या वर्षापासूनची वार्षिक फी आहे, सहाव्या वर्षापर्यंत दर वर्षी ८००, दहाव्यापर्यंत २,४००, पंधराव्यापर्यंत ४,८००, विसाव्यापर्यंत ८,०००. वीस वर्षांची बेरीज ७६,८०० होते, पण ती कुणी एकदम मागत नाही. ज्या वर्षी यंत्रातून मिळकत थांबली, त्या वर्षी फी भरायचं सोडून देता येतं.

सरकारी फी सोडली तर खरा खर्च पेटंट एजंटाचा, म्हणजे आपल्या वतीनं अर्ज लिहून चालवणाऱ्याचा, असतो. मला तीन ठिकाणी तीन आकडे सांगितले गेले. एकानं तर "जागतिक पेटंट काढून देतो" म्हणून आगाऊ रक्कम मागितली. जागतिक पेटंट नावाची वस्तूच नाही, ज्या देशात हवं त्या देशात वेगळं घ्यावं लागतं, हे मला नंतर समजलं. सुदैवानं तोवर खिशात पैसेच नव्हते.

आता दुसऱ्या वेळची गोष्ट. पहिलं अवजार गेल्यावर मी दोन वर्षं त्या कोपऱ्याकडं बघितलंही नाही. मग एका काढणीला बायको रताळी काढत होती आणि मी बांधावर बसून बघत होतो. ती म्हणाली, "अहो, तुमचे दाते वरनं घुसतात. आम्ही कधी वरनं खणतो काय? बोदाच्या कुशीतनं हात घालायचा आणि खालनं उचलायचं." वीस वर्षं ती हेच करत आली होती आणि मी वीस वर्षं ते बघत आलो होतो. दुसऱ्या दिवशी मी दाते फिरवले. बोदाच्या, म्हणजे रताळ्याच्या मातीच्या वरंब्याच्या, दोन्ही बाजूंनी तिरके आत जाणारे, मध्ये एकमेकांच्या खाली येऊन उचलणारे. त्याचा कोन ठरवायला चार महिने गेले. हा भाग कुठल्याच व्हिडिओत नव्हता. हा अजून आमचा होता.

या वेळी शेडचं दार बंद करून काम केलं. दाते एका शेडमध्ये कापून घेतले, एक्सेंट्रिक दुसऱ्याकडं, आणि जुळणी घरी. चाचणी भावकीतल्या तिघांच्या शेतात, त्यांच्याकडून 'बाहेर सांगणार नाही' असं सहीनिशी लिहून घेऊन. भावकीत असं लिहून मागायला जीभ रेटत नव्हती, पण मागितलं. त्यांनी दिलं.

आणि मग पैशांसाठी तुमच्या दारात आलो. काउंटरवरची मुलगी आमच्याच गल्लीतली. फॉर्म भरताना तिनं विचारलं, "कारण काय लिहू, मामा?" मी म्हटलं, पेटंट. तिनं यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि आतल्या साहेबांना विचारून आली. मग बायकोच्या पाटल्या तारण ठेवून कर्ज मिळालं, आणि कारणाच्या रकान्यात 'घरदुरुस्ती' लिहिलं गेलं. त्या मुलीचा दोष नाही आणि साहेबांचाही नाही, रकानाच नव्हता. पण आयुष्यात केलेल्या सगळ्यात चांगल्या कामासाठी मी खोटं कारण लिहून सही केली, हे अजून मनातून जात नाही. हे पत्र त्या रकान्यासाठी आहे.

माझी पहिली मागणी तीच. कर्जाच्या कारणांत 'शोध व पेटंट' घाला. रक्कम मोठी नको. पंचवीस-तीस हजारांची मर्यादा ठेवा आणि टप्प्याटप्प्यानं द्या. पहिला टप्पा आकृत्या, डिजिटल सही आणि प्रोव्हिजनल अर्जापुरता, पावती दाखवल्यावर दुसरा. दुचाकीला तुम्ही याच्या तिप्पट-चौपट देता आणि दुचाकीची किंमत शोरूमच्या दारातच उतरते. तारणाऐवजी दोन जामीनदार घ्या, तुम्हाला गल्लीतला माणूस ओळखू येतो. मोठ्या बँकेला जे कळत नाही ते तुम्हाला कळतं म्हणूनच सहकार उभा राहिला. देशातल्या अगदी पहिल्या पतसंस्थांपैकी एक १९०५ साली गदगजवळच्या कणगिनहाळ या खेड्यात निघाली, म्हणजे आपल्याच जुन्या मुंबई इलाख्यात. शेतकऱ्याच्या बियाण्याची नड सावकाराच्या दारात जाऊ नये, हा तिथला विचार. आज आमच्या डोक्यातल्या बियाण्याची नड आहे.

कुणी म्हणेल, सरकारच्या योजना आहेत की. आहेत, आणि त्या मी हुडकून काढल्या आहेत. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत भारतातलं पेटंट मंजूर झाल्यावर एक लाखापर्यंत खर्च परत मिळू शकतो. पण ते नंतर. आधी घालायचे कुणी? स्टार्टअप म्हणून मान्यता असेल तर सरकारनं नेमलेल्या मदतनिसाची फी सरकार भरतं आणि आपण फक्त सरकारी फी द्यायची. पण एका लेथच्या शेडला कंपनी काढायला, मान्यता घ्यायला सांगणारं कोण आहे? शिक्षण नसलेल्या, स्वतःच्या बुद्धीनं काही घडवणाऱ्या गावकऱ्यांसाठी गुजरातेत गांधीनगरजवळ राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान आहे, २००० साली स्थापन झालेलं. प्रा. अनिल गुप्ता यांनी 'हनी बी नेटवर्क'च्या पायी शोधयात्रांमधून खेड्यापाड्यातले शोधक हुडकले, त्याच कामातून ते उभं राहिलं, आणि निवडलेल्या शोधांचे पेटंट अर्ज ते स्वतः करतं. बेंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात राज्य विज्ञान व तंत्रज्ञान परिषद आहे, तिथं पेटंटची माहिती देणारं केंद्र आहे. आपल्या मच्छेत तर १९९८ साली स्थापन झालेल्या सबंध तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय उभं आहे. सगळं आहे. फक्त आमच्या शेडपासून त्या दारापर्यंत नेणारा माणूस नाही.

म्हणून दुसरी मागणी. पाच-सात संस्थांनी मिळून एक खोली द्या आणि महिन्यातून एक शनिवार पेटंट एजंटाला बसवा. पुढं जाऊन आपलाच एजंट तयार करा. विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी असलेल्या कुणालाही पेटंट ऑफिसची परीक्षा देऊन एजंट होता येतं. आपल्या प्रत्येक गल्लीत इंजिनिअर झालेली आणि पुण्याला जायच्या वाटेवर असलेली पोरं आहेत. दर वर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांवर तुम्ही जो खर्च करता, त्यातल्या थोड्या पैशांत एका मुलीची किंवा मुलाची ती तयारी होईल. हे खर्चाच्या दृष्टीनं मला सगळ्यात पटलेलं काम आहे. एक माणूस शिकला तर वीस वर्षं पुरेल.

भाषेबद्दल इथंच बोलतो. पेटंटचे कागद फक्त हिंदी किंवा इंग्रजीत चालतात, नियमच तसा आहे. उताऱ्यावर, बसच्या पाटीवर, पंचायतीच्या नोटिशीवर मराठी असावं म्हणून आपण पिढ्यानपिढ्या भांडत आलो आणि ते योग्यच आहे. पण या दारात मराठी चालत नाही तशी कन्नडही चालत नाही. शेजारच्या शेडमधला कन्नड बोलणारा फाउंड्रीवाला आणि मी, दोघेही त्या फॉर्मपुढं सारखेच अडलो होतो. त्यानं मला 'क्लेम' म्हणजे काय ते त्याच्या इंजिनिअर पुतण्याकडून समजावून घेऊन सांगितलं, मी त्याला आकृत्या काढून दिल्या. शनिवारच्या खोलीत दोन्ही भाषांत समजावणारं माणूस ठेवा.

आणखी एक, यात पैसाही लागत नाही. तुमचे वर्धापनदिन, गुणगौरव सोहळे, त्यात 'भूमिपुत्राचा नवा शोध' म्हणून कुणाला तरी स्टेजवर बोलावता. यंत्र घेऊन या म्हणता. दुसऱ्या दिवशी फोटोसह बातमी येते. हात जोडून सांगतो, बोलावण्याआधी त्याला विचारा, "अर्ज केलास काय?" केला नसेल तर सत्कार पुढच्या महिन्यावर ढकला आणि त्या हाराच्या, शालीच्या पैशांत त्याचे १,६०० भरा. भाषणाची वेळ आली तरी आधी कागद, मग दाखवणं.

कर्ज देताना तुम्ही विचाराल, हे परत कसं येणार. विचारायलाच हवं. पेटंट मिळालं म्हणून यंत्र खपत नाही, हे मी अनुभवानं सांगतो. कित्येक पेटंटं पेटीत पडून राहतात. म्हणूनच पहिल्या खर्चाला हात आखडता ठेवा म्हणतोय. मी अर्ज झाल्यावर लगेच डाय, साचा यात पैसे घातले नाहीत. पट्टे कापून, वाकवून, वेल्डिंग करून पाच नग केले आणि विकले नाहीत, भाड्यानं दिले. दिवसाच्या भाड्यात शेतकऱ्याला मजुरीपेक्षा स्वस्त पडलं आणि मला रोज संध्याकाळी कळत गेलं, की कुठला दाता वाकतो, कुठला बोल्ट सैल होतो, ओल्या मातीत जाळी कशी तुंबते. हंगाम संपला तेव्हा भाड्यातून पाटल्या सुटल्या. मग ज्यांनी भाड्यानं नेलं होतं त्यातल्याच लोकांकडून निम्मी रक्कम आगाऊ घेऊन पुढचे नग केले. उद्यमबागेत दुपारपाळीला मशिनं रिकामी असतात, तेव्हा जॉबवर्क कमी दरात होतं. सगळ्या शेडवाल्यांना हे ठाऊक असतं, पण नव्या मुलांना नसतं.

एक सावधगिरी सांगतो, तुमच्या सभासदांना उपयोगी पडेल. अर्ज झाला तेव्हा माझ्या उत्साही भाच्यानं यंत्रावर 'पेटंटेड' असा स्टिकर करून आणला. तो मी लावू दिला नाही. मंजुरीआधी तसं लिहिलं तर कायद्यानं दंड होतो. 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' एवढंच लिहायचं. नक्कल करणाऱ्यावर कोर्टात दावा मंजुरीनंतरच लावता येतो, पण पेटंट ऑफिसनं अर्ज प्रसिद्ध केल्या तारखेपासूनची भरपाई तेव्हा मागता येते. प्रसिद्धी एरवी १८ महिन्यांनी होते, घाई असेल तर २,५०० भरून लवकर होते.

सगळ्यांना पेटंटच लागतं असंही नाही. बचत गटाच्या बायका कांदा-लसूण चटणी करतात, त्यांच्यासाठी नाव महत्त्वाचं. ट्रेडमार्कचा अर्ज व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला एका वर्गासाठी, म्हणजे मालाच्या एका प्रकारासाठी, ऑनलाइन ४,५०० रुपयांत होतो. नुसता आकार, ठेवण नवी असेल तर डिझाइनची नोंदणी १,००० रुपयांत. शेतीची पद्धत नवी असेल तर तिला पेटंट मिळतच नाही, कायद्यानं शेतीची पद्धत वगळली आहे, अवजार मात्र वगळलेलं नाही. कुणी भाताचं वाण जपून निवडून तयार केलं असेल तर त्यासाठी २००१ चा वेगळा कायदा आहे, आणि शेतकऱ्याला त्याच्या वाणाची नोंदणी फी माफ आहे. खानापूरच्या घाटाकडच्या भातवाल्यांना हे सांगायलाच हवं.

माझ्या अर्जाचं काय झालं तेही सांगतो. आपण कर्नाटकात म्हणून आपलं पेटंट ऑफिस चेन्नईचं. बाचीचा नाका ओलांडून महाराष्ट्रातल्या शिनोळीत शेड टाकलेल्या माझ्या मित्राचं मुंबईचं. मिळालेलं पेटंट दोन्हीकडं सारखंच चालतं, चंदगडातही आणि बेळगावातही. अर्जात शोधक म्हणून माझ्या आधी बायकोचं नाव आहे, कारण मुख्य कल्पना तिची. अर्जदारांतही ती आहे, आणि अर्जदारांत एक जरी स्त्री असेल तर लवकर तपासणी मागता येते, ४,००० ऐवजी ८,००० भरून. आम्ही ती मागितली. तपासणीचा अहवाल आला त्यात आमच्याविरुद्ध सगळ्यात मोठा पुरावा कोणता लावला असेल? भाच्यानं टाकलेला तोच व्हिडिओ. आपलंच जुनं अवजार आपल्याविरुद्ध साक्षीला उभं राहिलं. उत्तराला सहा महिने असतात. आम्ही लिहिलं, की जुने दाते वरून घुसतात, नवे कुशीतून, आणि त्यानं रताळी किती कमी दुखावतात ते तीन शेतांत मोजून वह्यांत लिहिलेलं होतं. त्या वह्या जोडल्या. सुनावणी व्हिडिओवरून होते, चेन्नईला जावं लागत नाही. तारीख अजून यायची आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव आपण सगळे घेतो. जन्म १८६९ चा, आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. बेळगावात सायकलचं दुकान, मग चारा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन विषारी होते असं शेतकऱ्यांना वाटे, म्हणून दोन वर्षं नांगर विकला गेला नाही. पुढं नगरपालिकेला वसाहतीसाठी जागा हवी झाली आणि त्यांना कारखाना हलवावा लागला. औंधच्या राजांनी कुंडल रोडला माळरान दिलं आणि १०,००० रुपये बिनव्याजी दिले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी झाली, इथून लांब. त्या काळी बेळगावात कुणी काय करायला हवं होतं हे मी कोण सांगणार. पण आता औंधचा राजा नाही. आता तुम्ही आहात. तुमच्याकडं ठेवी आमच्याच आहेत.

शेवटी एक तातडीचं. खानापूरकडचा एक मुलगा आहे, आयटीआय झालेला. त्यानं काजूच्या बोंडापासून बी वेगळी करायची एक सोपी गोष्ट केली आहे. काय ती इथं लिहिणार नाही. गावच्या यात्रेत ती मांडायची त्याची फार इच्छा आहे, आईवडिलांचीही आहे, सगळं गाव बघणार म्हणून. मी त्याला थांबवलंय. प्रोव्हिजनलचा मसुदा आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे, नऊ पानं, चार आकृत्या. आधी कुणी असं काही केलंय का ते भारतीय पेटंट ऑफिसच्या साइटवर आणि गूगल पेटंट्सवर फुकट शोधून झालंय. डिजिटल सही आणि फी राहिली आहे. ती मी भरीन, तो प्रश्न नाही. पण त्याच्यामागं अजून दोघं येऊन गेले आहेत, आणि सगळ्यांची मी भरू शकत नाही.

पुढची मासिक सभा कधी आहे ते कळवा. त्याला आणि मसुद्याला घेऊन मी येतो. यात्रेला सहा आठवडे आहेत.

आपला,
तुमच्या तीन संस्थांचा सभासद,
उद्यमबाग, बेळगाव